मिशन वस्तीची मतं

मतदानाच्या दिवशी पळसखडीच्या शाळेत खिडकीजवळच्या बाकावर एलियाकाका बसायचे. भागातले पुढारी कल्याणदादा, त्यांच्या पक्षाचे पोलिंग एजंट. आत येणाऱ्याचा चेहरा पाहायचा, तो यादीतलाच माणूस आहे का ते ओळखायचं आणि नसला तर हरकत घ्यायची, एवढं काम. समोरच्या बाकावर दुसऱ्या पक्षाचे एजंट गहिनीनाथ. गहिनीनाथ ऊसतोडीच्या टोळ्यांचे मुकादम. दोघं याच शाळेत शिकलेले, बहुधा याच खोलीत. दुपारी ते एका डब्यातली भाकरी खायचे आणि हात धुऊन पुन्हा आपापल्या बाकावर जाऊन एकमेकांवर डोळा ठेवायचे.

एका निवडणुकीत मिशन वस्तीतला एक तरुण भावाच्या नावावर मत द्यायला आला. भाऊ पुण्याला होता. मत काकांच्याच पक्षाला जाणार होतं. गहिनीनाथांच्या काही लक्षात आलं नव्हतं. काका उठून उभे राहिले.

"साहेब, हरकत हाय. हा तो न्हाई. त्याचा धाकटा भाऊ हाय."

तरुण मान खाली घालून निघून गेला. मग गहिनीनाथ म्हणाले, "मास्तर, मी घरी जाऊ का? माजं काम तूच करतूस."

एलियाकाका एसटीत कंडक्टर होते, पाथर्डी डेपोला. म्हणून गहिनीनाथ त्यांना मास्तर म्हणायचे. नोकरीत असताना काकांनी एकदा सख्ख्या मेहुण्याला फाट्यावर उतरवलं होतं. त्यानं तिकीट काढलं नव्हतं आणि "दाजी, आता काय आपल्याच गाडीत तिकीट?" असं चार लोकांत म्हणाला होता. मेहुणा उन्हातून चालत बहिणीच्या घरी आला. मरियाकाकूंनी आधी त्याला पाणी दिलं आणि मग पोट धरून हसल्या. ही गोष्ट त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या. काका शेजारी बसून म्हणायचे, "हसायचं काय त्यात? तिकीट न्हवतं त्याच्याकडं."

असे ते होते. त्यांना खोटं बोलायचं नाही असा निश्चय वगैरे केलेला नव्हता. जमतच नव्हतं.

मिशन वस्ती पळसखडीच्या मावळतीला. दगडी भिंतींचं छोटं चर्च, एक घंटा, अंगणात लिंब. काकांच्या पणज्याच्या काळापासूनची घरं. वस्तीच्या मागून ओढा जातो आणि ओढ्याच्या पलीकडे कबरस्तान. बाभळी, दगडी चौथरे, काही लाकडी क्रूस. ओढ्याला वर्षातले बरेच महिने पाणी नसतं. शेळ्या चरतात. पोरं क्रिकेट खेळतात. पण पाऊस लागला की डोंगराचं सगळं पाणी त्यातून खाली येतं, लाल, गढूळ, आणि दोन-दोन दिवस उतरत नाही.

काकांची आई अशाच पावसात गेली. तेव्हा काका तरुण होते आणि मरियाकाकूंना लेकीचे, एंजलचे दिवस होते. लोकांनी शवपेटी खांद्यावर घेऊन ओढ्यात पाय घातले. मध्यावर कुणाचा तरी तोल गेला. पेटी कलंडली, लगेच सावरली, पण तेवढ्यात पाणी आत शिरलं. खड्ड्यात उतरवताना फळ्यांच्या फटींतून ते गळत होतं. मरियाकाकू अलीकडच्या काठावर बायकांत उभ्या होत्या. त्यांना तिथूनही दिसलं.

दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आवो, मला असं नेऊ नका."

"काय बोलतीस?"

"मला पान्यातनं नेऊ नका. शब्द द्या."

"दिला," काका म्हणाले. त्या वयात असा शब्द देणं अवघड नसतं.

एलियाकाका राजकारणात आले ते या शब्दासाठी. त्यांना सरपंच व्हायचं नव्हतं, कुठल्या समितीवर जायचं नव्हतं. त्यांना ओढ्यावर पूल हवा होता. पूलही मोठा नको. सिमेंटच्या नळ्या टाकून वरून काँक्रीट, चार माणसं पेटी घेऊन कोरड्या पायांनी जातील एवढं.

आणि त्यासाठी वस्तीकडे एक गोष्ट होती. मतं.

मिशन वस्ती एकगठ्ठा मत द्यायची. मतदानाच्या आधीच्या रविवारी उपासना संपली की पाळकसाहेब मोटरसायकलवर पुढच्या गावी जायचे, आणि मग लोक लिंबाखाली बसायचे. बोलणं व्हायचं, भांडणं व्हायची, दगडाबाई नावाची म्हातारी सगळ्या पक्षांना शिव्या द्यायची. शेवटी एक ठरायचं. ठरलं की फुटायचं नाही. बाकीचं गाव समोरच्या पक्षाचं होतं. गहिनीनाथ मतदानाच्या आदल्या दिवशी कारखान्यांवरून ट्रक भरून टोळ्या आणायचे, पोरंबाळं, भांडीकुंडी सगळं घेऊन, आणि मत झालं की परत उसात नेऊन सोडायचे. पण आसपासची गावं निम्मी-निम्मी विभागलेली. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या या गटात निकाल नेहमी काठावर लागायचा. कल्याणदादा इथून दोनदा निवडून आले, आणि दोन्ही वेळा त्यांचं मताधिक्य मिशन वस्तीच्या मतांहून कमी होतं.

दादांना ते माहीत होतं. नाताळला ते वस्तीवर यायचे. चर्चच्या पायरीशी बूट काढायचे. मरियाकाकूंच्या हातची करंजी खायचे.

"काकू, ही वस्ती नसती तर मी आज घरी बसलो असतो."

"मंग आमचा पूल करा की, दादा."

"करणारच. पुढच्या नाताळला माझी गाडी पलीकडं जाईल, बघा."

"गाडी नको," मरियाकाकू म्हणाल्या. "चार मानसं जाऊ द्या म्हंजे झालं."

दादा खोटं बोलत नव्हते. एक इंजिनिअर खरंच आला. त्यानं टेप लावून ओढा मोजला आणि दोन्ही काठांच्या खडकांवर चुन्याच्या खुणा केल्या. पुढं जिल्हा परिषदेची मुदत संपली. निवडणुका लागेनात. प्रशासक आला. दादा म्हणाले, आता माझ्या हातात काही नाही, निवडणूक होऊ द्या, पहिलं काम तुमचं. वर्षं गेली. प्रत्येक पावसाळ्यात चुना धुऊन जायचा. पाणी उतरलं की काका डबा आणि ब्रश घेऊन ओढ्यात जायचे आणि त्याच जागी पुन्हा खूण करायचे. इंजिनिअर परत आला तर त्याला पुन्हा मोजायला लागू नये.

तोवर वस्ती रिकामी होत गेली.

हे एकदम झालं नाही. आधी सुप्याच्या एमआयडीसीत एकाला काम लागलं. त्यानं दुसऱ्याला नेलं. काकांची एंजल आणि जावई नॅथन दोघंही तिथंच, एका कंपनीत पॅकिंगला. एका चाळीत पळसखडीच्याच चार खोल्या. सणाला यायचे, लग्नाला यायचे, मयताला यायचे. एरवी रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकांवर म्हातारी माणसं आणि मागं मोकळे बाक. सुप्याकडच्या पुढाऱ्यांनी खोल्यांवर येऊन या पोरांची नावं तिकडच्या यादीत घालून घेतली. इकडची नावं होती तशीच राहिली.

एका सकाळी शाळेच्या अश्विनीबाई यादी घेऊन वस्तीवर आल्या. मतदारांची पडताळणी त्यांच्याकडे होती. त्या काकांच्या ओट्यावर बसल्या, मरियाकाकूंनी चहा दिला.

"काका, नॅथन इथंच राहतो ना?" बाईंनी विचारलं. पेन तयार होतं. फक्त 'हो' म्हणायचं होतं.

काकांनी यादीतल्या नॅथनच्या नावाकडे पाहिलं.

"काका?"

"न्हाई, बाई. सुप्याला असतो तो. तिकडं नाव बी हाय त्याचं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, आतापर्यंत सगळ्या वस्त्यांवर सगळे इथंच राहतात. तुम्ही पहिलेच."

"खरं सांगितलं."

"ते कळलं मला." बाई जरा हसल्या. "पण मग मला लिहावं लागेल. आणि एकट्या नॅथनचं कसं लिहू? बाकीच्यांचंही विचारावं लागेल."

काकांनी त्यानंतरच्या रविवारी सुप्याच्या पोरांना बोलावून घेतलं. उपासनेनंतर लिंबाखाली बसवलं. ते चर्चच्या मंडळीचे पंच होते, त्यांचं पोरं ऐकायची.

"एका मानसाला एकच मत," काका म्हणाले. "दोन ठिकानी नाव ठेवायचं म्हंजे एका ठिकानी खोटं राहायचं. जिथं राहता, तिथं ठेवा. हितलं काढा."

"पप्पा, सगळेच ठेवतात," नॅथन म्हणाला. "आम्ही मत इकडंच देऊ. तिकडं जाणारच न्हाई."

"सगळे ठेवत्यात म्हून आपन ठेवायचं?"

"पूल व्हायचाय आपला अजून," एंजल म्हणाली.

काका तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "पूल आपल्या हक्काचा हाय. तो खोट्या नावांवर कशाला मागायचा?"

मरियाकाकू चर्चच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "लेकरांची नावं काढू नका. राहू द्या."

पण नावं निघाली. पोरांना फारसं काही वाटलं नाही. सह्या केल्या, जेवले आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले.

गहिनीनाथांना हे कळलं तेव्हा ते मुद्दाम वस्तीवर आले. काका ओढ्यात होते, हातात चुन्याचा डबा.

"मास्तर, खरं का रं? निम्मी वस्ती पुसून टाकली म्हनं तू?"

"जी हितं राहत न्हाईत त्यांचीच."

"माजी टोळी सहा म्हैने हितं नसती. काढू का मी बी?"

"त्यांचं घर हितंच हाय. परत येत्यात ती. त्यांचं दुसरीकडं कुटं नाव हाय?"

गहिनीनाथांनी डोकं खाजवलं. "तुज्याशी बोलायचं म्हंजे..." ते खडकावर बसले. चुन्याच्या ओल्या खुणेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू सरळ स्वर्गात जाशील, मास्तर. पन तुजा पूल न्हाई व्हायचा."

"का न्हाई व्हायचा?"

"आरं, मी तुज्या इरोधातला मानूस. मला आनंद व्हायला पायजे आज. तर होईना."

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला निवडणुकीची हालचाल सुरू झाली. आधी गटांची नवी रचना येणार होती. कुठलं गाव कुठल्या गटात, ते सगळं नव्यानं ठरणार. कच्चा नकाशा पाथर्डीला तहसील कचेरीत लागला. काका एसटीनं गेले. भिंतीपाशी गर्दी होती. लोक मोबाईलमध्ये फोटो काढत होते. काकांनी चष्मा पुसला आणि पळसखडी शोधली. जुन्या गटाची रेघ आता अलीकडून गेली होती. पळसखडी पलीकडे होती, शिरसवडीच्या गटात.

शिरसवडी मोठं गाव. बाजार, पेट्रोलपंप, दोन हायस्कुलं. पळसखडीशी तिचा कधी संबंध नव्हता. मध्ये डोंगराची सोंड.

काका तिथून चालत कल्याणदादांच्या ऑफिसात गेले. दादांनी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा सांगितला.

"पाहिलं का, काका? कशी रेघ मारलीय. जनगणना जुनी, मतदार यादी नवी. जुनी डोकी मोजून गट पाडायचे आणि नवी मतं मोजून निवडणूक घ्यायची. कुणाचं गणित जुळणार?"

"दादा, हरकत घेता येती ना? कच्चा हाय म्हनं अजून. पळसखडी परत आपल्या गटात घ्या म्हनून."

दादांनी टेबलावरचे कागद नीट लावले.

"तुमी घेतली न्हाई का?"

"दोन गावांसाठी घेतली," दादा म्हणाले.

"आमच्या?"

चहा आला. दादांनी कप काकांच्या पुढं सरकवला. "काका, तुमच्याशी खोटं बोलत नाही. पळसखडी पहिल्यापासून समोरच्यांची. तुमची वस्ती होती म्हणून ते गाव मला परवडायचं. खड्डा भरून निघायचा. आता वस्तीत किती मतं राहिली, सांगा तुम्हीच."

काकांनी सांगितलं. जेवढी होती तेवढी.

"मग?" दादा म्हणाले. आवाज हळू होता. "मी कशाला मागून घेऊ ते गाव? पडायला? मला कार्यकर्त्यांनी सांगितलं, तुम्ही स्वतःच्या हातानं नावं काढलीत. मला आधी विचारलं असतंत, काका. एकदा तरी."

"विचारलं असतं तर काय म्हनला असता?"

दादांनी हात जोडले. हसले. "राहू द्या म्हणालो असतो."

"आन् पूल?"

"त्या गटात जो येईल, त्याला मी सांगेन. शब्द टाकेन."

काकांनी पुढं शिरसवडीच्या इच्छुक उमेदवाराला फोन लावला. त्याचा नंबर मिळवायला त्यांना दोन दिवस लागले. तो चांगलं बोलला. म्हणाला, "काका, तुम्ही तर कायम दादांचे. आणि आमची शिरसवडी एकटीच्या मतांवर गट काढते. तरी बघू." आणि फोन ठेवला.

पण त्याआधी, पाथर्डीहून आले त्याच दिवशी, काका ओट्यावर बसून चपला काढत होते तेव्हा मरियाकाकूंनी विचारलं, "काय म्हनले दादा?"

"आपलं गाव त्यांच्याकडं न्हाई आता."

"मंग कुनाकडं हाय?"

"शिरसवडीकडं."

मरियाकाकूंनी जरा विचार केला. "शिरसवडीला वढा हाय का?"

"न्हाई."

"मंग त्यांना काय कळायचं," त्या म्हणाल्या. त्यांना दम लागत होता. त्या वर्षी तो जास्तच लागायचा. डॉक्टरनं हृदय मोठं झालंय म्हणून सांगितलं होतं. काकांचा चेहरा बघून त्या हसल्या. "आसं काय बघता? मी उन्हाळ्यात जाईन. वढा कोरडा असतो तवा. बगा तुमी."

"गप ऱ्हा."

"तुमचा शब्द मोडायची न्हाई मी."

सप्टेंबरात पाऊस लागला. तो नेहमीचा पाऊस नव्हता. उभ्या कपाशीत पाणी साचलं. बाजरी काळी पडली. म्हातारी माणसं म्हणाली, असा पाहिला नाही. ओढा पहिल्याच दिवशी काठाला लागला. काकांच्या खुणा पाण्याखाली गेल्या.

मरियाकाकू एका पहाटे गेल्या. काकांनी चहा करून आणला तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून निजल्यासारख्या होत्या. काकांनी कप खाली ठेवला. हाक मारली. मग बाहेर येऊन ओट्यावर उभे राहिले. समोर ओढ्याचा आवाज येत होता.

दिवसभर माणसं येत राहिली. एंजल आणि नॅथन दुपारी पोचले. मागून सुप्याहून टेम्पो आले, ताडपत्री लावलेले. कंपनीतून सुट्टी काढून पोरं आली, त्यांच्या बायका आल्या, अंगावर रेनकोट, कडेवर लेकरं. पुण्याची आली. नगरची आली. पेटी चर्चमध्ये ठेवली. रात्रभर गीतं झाली. सकाळी पाणी उतरलं नव्हतं. आभाळ तसंच होतं. उद्या उतरेल असंही कुणाला म्हणता येईना, आणि मयत तर अजून एक दिवस ठेवता येण्यासारखं नव्हतं.

चर्चचं अंगण भरून माणसं ओढ्याच्या वाटेवर छत्र्या घेऊन उभी होती. मागचे मोकळे बाकसुद्धा भरले होते. काका दारात उभे राहून एकेकाचा सलाम घेत होते. एकेक चेहरा ओळखू येत होता. हा मार्शल. ही सॅम्युएलची सून. हा आपण शाळेत हरकत घेऊन परत पाठवलेला तरुण. आता त्याचे केस पिकले होते. त्यानं काकांचा हात बराच वेळ धरून ठेवला.

कल्याणदादा आले. गट बदलला तरी आले, हे काकांना नंतरही आठवत राहिलं. त्यांनी हार ठेवला, हात जोडले, काकांपाशी येऊन उभे राहिले. बूट पायातच होते. पावसाचं कोण काढणार. मग त्यांची नजर गर्दीवरून फिरली. सवयीनं फिरली असणार.

"काका, ही सगळी वस्तीचीच?"

"व्हय."

दादांच्या ओठांवर पुढचा प्रश्न आला आणि थांबला. शेजारी गहिनीनाथ उभे होते. डोक्यावर खताची गोणी पांघरलेली.

"मानसं हितली, दादा," गहिनीनाथ म्हणाले. "मतं सुप्याची."

दादांनी ओढ्याकडे पाहिलं. पाणी झाडाच्या फांद्या ओढून नेत होतं. "मी बोलतो कुणाशी तरी," ते म्हणाले. पाऊस वाढला तसे ते गाडीकडे गेले.

पाळकसाहेबांनी काकांकडे पाहिलं. कुणीतरी म्हणालं, लांबून रस्त्यानं वळसा घालून नेऊ. पण पलीकडून कबरस्तानाला वाटच नव्हती, पाण्यात बुडालेली शेतं होती. काका पाण्याकडे बघत होते.

"मास्तर," गहिनीनाथ म्हणाले. "मी दोर आनलेत."

टोळ्या अजून गेल्या नव्हत्या. दसऱ्यानंतर जायच्या. गहिनीनाथांनी उसाच्या मोळ्या ट्रकवर आवळायचे दोर आणले होते आणि सोबत टोळीतले गडी. एक गडी कमरेला दोर बांधून पोहत पलीकडे गेला, बाभळीला बांधून आला. दोन दोर ताणले. त्यांना धरून माणसं पाण्यात उतरली. आधी ऊसतोडीचे गडी, मग सुप्याची पोरं. एकाला लागून एक, छातीभर पाण्यात, समोरासमोर दोन रांगा, या काठापासून त्या काठापर्यंत. गहिनीनाथ मध्यावर थांबले.

"ह्यो घे तुजा पूल," ते ओरडले. कुणी हसलं नाही.

पाळकसाहेबांच्या मागोमाग काकांना आधी दोराला धरून पलीकडे नेलं. त्यांनी तसं मागून घेतलं होतं. त्यांना तिला घ्यायला उभं राहायचं होतं.

पेटी डोक्यांवरून निघाली. या हातांतून त्या हातांत. वस्तीचे हात, गावाचे हात. पाऊस इतका होता की काकांना वस्तीकडचा काठ दिसत नव्हता. बायका तिथं गीत म्हणत होत्या, ते तुटक तुटक ऐकू येत होतं. काका पेटीवर डोळा ठेवून होते. मध्यापर्यंत ती सरळ आली. मग वरून एक ओंडका आला, नॅथनच्या मांडीला लागला आणि त्याचा पाय सुटला. पेटीचा एक कोपरा खाली गेला. गहिनीनाथांनी दोन्ही हात खाली घालून तो उचलला. क्षणभराचंच काम. पेटी पुन्हा वर आली आणि पुढं सरकली.

काकांच्या हाती ती आली तेव्हा त्यांनी खालून हात लावला. फळी ओली होती. पाऊस होता, ओली असणारच. त्यांनी हात काढून पाहिला. तळव्याला लाल गाळ लागला होता. बोटांच्या पेरांत बारीक वाळू.

त्यांनी मूठ मिटली.

पाळकसाहेबांनी थोडक्यात प्रार्थना केली. खड्ड्याच्या कडा ढासळत होत्या. काकांनी दुसऱ्या हातानं माती टाकली. मिटलेली मूठ शेवटपर्यंत तशीच होती.

परत अलीकडे आले तेव्हा ते गारठले होते. एंजल धावत आली. तिनं आपली शाल त्यांच्या अंगावर टाकली, तोंड पुसलं. लहानपणापासून तिनं आजीच्या पेटीची गोष्ट आईच्या तोंडून ऐकली होती.

"पप्पा, इथनं काही दिसलं न्हाई. आईला पाणी लागलं का?"

तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. एलियाकाका काय सांगतील ते खरं असणार, हे वस्तीला आणि गावाला ठाऊक होतं. त्यांच्या शेजारी गहिनीनाथ उभे होते. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत गाळानं भरलेले होते.

"न्हाई," काका म्हणाले. "कोरडी गेली."

गहिनीनाथ खाली मान घालून उभे राहिले. त्यांनी हरकत घेतली नाही.